पंधरा दिवसांची नदी

दिवाळी अंकात विनोदी पुस्तकावर समीक्षा लिहिणे म्हणजे पाहुण्यांसमोर चिवडा ठेवून त्यातले शेंगदाणे मोजायला बसणे, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. जेरोम के. जेरोम या इंग्रज लेखकाच्या 'थ्री मेन इन अ बोट' या पुस्तकापुरते तरी मला हे मोजण्याचे काम करावयाचे आहे. कारण १८८९ साली प्रसिद्ध झाल्यापासून या पुस्तकावर दोन अन्याय झाले आहेत. पहिला त्याच्या निंदकांनी केला. ते म्हणाले, हे वाङ्मयच नव्हे. दुसरा अन्याय त्याच्या चाहत्यांनी केला, आणि माझ्या मते तोच मोठा. त्यांनी या पुस्तकातले पाचसात गमतीदार प्रसंग कापून घेतले, ते पाठ्यपुस्तकांत आणि संमेलनांत मिरविले, आणि बाकीचे पुस्तक खुशाल नदीत सोडून दिले.

अंकल पॉजर भिंतीवर तसबीर टांगतो, तो प्रसंग कोणाला ठाऊक नाही? मी शाळामास्तर आहे. हा उतारा मी वर्गात कितीदा शिकविला त्याची गणती नाही. एक खिळा ठोकण्यासाठी हा गृहस्थ सारे घर कामाला लावतो. कोणी हातोडी आणायची, कोणी दिवा धरायचा, कोणी शिडी. मग रुमाल सापडत नाही, खिळा हरवतो, अंगठा चेचतो, आणि मध्यरात्री तसबीर वाकडीतिकडी का होईना लटकली, की हा कृतार्थ नजरेने तिच्याकडे बघत राहतो. वर्गातली मुले पोट धरधरून हसतात, कारण प्रत्येकाच्या घरी असा एक काका असतोच. हे सारे खरे. पण त्या मुलांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. अंकल पॉजर त्या नावेत पायच ठेवीत नाही! सहलीच्या सामानाची यादी करताना हॅरिस नावाचा मित्र सगळा भार आपल्या शिरावर घेतल्याचा आव आणतो आणि प्रत्यक्षात तो दुसऱ्यांच्या पाठीवर लादतो, ते पाहून निवेदकाला आपल्या काकाची आठवण होते, इतकेच. म्हणजे पॉजरची गोष्ट हॅरिससाठी आहे, हॅरिस नावेसाठी आहे, आणि नाव नदीसाठी आहे. आपण पॉजरला ठेवून घेतले आणि नदी विसरलो.

ज्यांनी पुस्तक वाचले नसेल त्यांच्यासाठी कथाभाग सांगतो. तो सांगायला वेळ लागत नाही, कारण कथा अशी फारशी नाहीच. निवेदक 'जे', त्याचे मित्र जॉर्ज आणि हॅरिस, आणि मॉन्टमोरेन्सी नावाचा भांडकुदळ फॉक्सटेरियर कुत्रा, असे चौघे एका संध्याकाळी खोलीत बसून आपल्या प्रकृतीची रड सांगत असतात. कामाने आपण पार थकून गेलो आहोत, याबद्दल तिघांचेही एकमत होते. थकवा येण्याजोगे काम मात्र कोणीच केलेले दिसत नाही. जॉर्ज सुचवितो, नदीवर जाऊ. ठरते पंधरा दिवसांचे. लंडनजवळच्या किंग्स्टनपासून ऑक्सफर्डपर्यंत, थेम्स नदीच्या प्रवाहाविरुद्ध सुमारे ९० मैल, वल्ह्याची नाव घेऊन जायचे आणि परत यायचे. रात्री नावेवर कमानी उभारून त्यांवर कॅनव्हास ताणायचा आणि आतच झोपायचे. मग हे तिघे निघतात, भिजतात, भांडतात, अन्न बिघडवितात, रस्ता चुकतात, परक्यांच्या नावांना धडका देतात, आणि एकोणीस प्रकरणांनंतर परत येतात. झाली गोष्ट.

आता हे पुस्तक जन्मले कसे ते पाहण्यासारखे आहे. जेरोमला विनोदी पुस्तक लिहावयाचेच नव्हते. १८८८ च्या जूनमध्ये त्याचे लग्न झाले; मधुचंद्रासाठी नवराबायको थेम्सवर लहानशा नावेतून हिंडून आली; आणि परतल्यावर त्याने त्या नदीची कहाणी लिहावयास घेतली. काठची गावे, त्यांचा इतिहास, तिथली शोभा, असा त्याचा बेत होता; मध्येमध्ये थोडा विनोद टाकावा म्हणजे वाचक कंटाळणार नाही. पण लेखणी ऐकेना. विनोद भराभर उतरत गेला आणि इतिहास खेटून खेटून घालावा लागला. 'होम चाइम्स' मासिकात १८८८–८९ मध्ये हे लेखन क्रमशः छापणाऱ्या संपादक रॉबिन्सन यांनी त्या इतिहासातलाही बराचसा भाग काढून टाकला. नावेत प्रत्यक्षात बसली होती ती बायको. पुस्तकात मात्र तिच्या जागी दोन मित्र आले. जॉर्ज म्हणजे बँकेत नोकरीला असलेला त्याचा मित्र जॉर्ज विनग्रेव्ह, आणि हॅरिस म्हणजे छपाईचे ठसे करण्याच्या धंद्यातला कार्ल हेन्शेल. कुत्रा तेवढा डोक्यातून निघालेला. हे दोघे मित्र जेरोमबरोबर थेम्सवर वेळोवेळी हिंडलेले होते. म्हणून माणसे खरी वाटतात.

आणि जेरोम स्वतः कोण? १८५९ साली वॉल्सॉल गावी जन्मलेला, धंद्यात बुडालेल्या बापाचा मुलगा. कुटुंब लंडनच्या गरीब पूर्व भागात येऊन राहिले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत आई आणि बाप दोघेही गेले. युस्टन स्टेशनात रेल्वेची कारकुनी, मग फिरत्या नाटक कंपनीत पडेल ती भूमिका, मग मास्तरकी, मग वकिलाच्या कचेरीत लेखनिकी. थेम्सच्या काठी कोचावर लोळत वाढलेल्या माणसाने हे पुस्तक लिहिलेले नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याला सुटी म्हणजे काय हे सुटी नसतानाच्या दिवसांनी शिकविले, अशा माणसाचे हे पुस्तक आहे.

त्या काळी थेम्सवरही मोठा फेरबदल होत होता. मालवाहतूक रेल्वेने हिरावून घेतली होती; मालवाहू गलबतांची नदी आता मोकळी पडली होती. त्याच रेल्वेने लंडनच्या माणसाला थोडक्या पैशांत नदीकाठी आणून सोडावयास सुरुवात केली. १८७१ च्या कायद्याने बँकांना ठराविक सुट्या मिळाल्या. १८७० च्या शिक्षणाच्या कायद्याने गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. म्हणजे एकाच पिढीत कारकुनाला वाचता येऊ लागले, त्याला चार दिवस सुटी मिळू लागली, आणि नदीपर्यंत नेणारी गाडीही मिळाली. आजवर ज्या पाण्यावर बड्या लोकांचे बंगले आपले प्रतिबिंब पाहत बसले होते, तिथे पट्ट्यापट्ट्यांचा कोट घालून, डब्यातले खाद्य घेऊन, चुकीची वल्ही मारीत कारकून अवतरला. आणि तो नुसता आला नाही. त्याने त्याच्या बोलीत पुस्तकही लिहिले.

मोठ्या लोकांना खरा राग आला तो याचा. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने जेरोमचे नाव 'ॲरी के. ॲरी' असे करून टाकले. लंडनचा खालच्या थरातला माणूस शब्दाच्या आरंभीचा 'ह' गिळतो, त्यावरून हे नाव; आपल्याकडे कोणाच्या 'न' आणि 'ण' वरून त्याची जात काढावी, त्यातलाच हा प्रकार. 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्राने तर, खालच्या वर्गाला वाजवीपेक्षा जास्त शिकविले म्हणजे काय अनर्थ ओढवतो याचा नमुना म्हणून आपल्याकडे बोट दाखविले, असे जेरोमनेच १९२६ च्या 'माय लाइफ अँड टाइम्स' या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाचे शिक्षण वाजवीपेक्षा जास्त! मॅट्रिकवर थांबून कादंबऱ्या लिहू लागलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या अभिप्रायाची धार समजावून सांगावी लागत नाही. वाङ्मयाच्या देवळात काही मंडळी नेहमीच दाराशी उभी असतात. आत कोणती मूर्ती आहे यापेक्षा पायांत वहाणा कोणाच्या आहेत याकडे त्यांचे लक्ष जास्त.

पण जेरोमची बाजू केवळ सहानुभूतीवर उभी करण्याचे कारण नाही. त्याचा विनोद चालतो कसा, ते पाहू. शब्दांच्या कोट्या त्यात फारशा नाहीत. म्हणूनच तो इंग्रजीच्या बाहेरही तगला. त्याचे सगळे भांडवल एका साध्या निरीक्षणात आहे: माणूस स्वतःविषयी जे समजतो आणि प्रत्यक्षात जो असतो, त्या दोहोंत नेहमी एक अंतर असते, आणि ते अंतर त्याला सोडून बाकी सगळ्यांना दिसते. नावेतला प्रत्येकजण मनापासून समजतो की वल्ही मारणारा काय तो मी. उरलेले दोघे आयतोबा. औषधाची जाहिरात वाचली की त्यातला रोग आपल्याला आहे असे 'जे'ला वाटते. मग तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन वैद्यकाचा ग्रंथ चाळतो, आणि मोलकरणींना होणारे गुडघ्याचे एक दुखणे सोडले तर सारे रोग आपल्यात वस्तीला आहेत अशी त्याची खात्री पटते. ते एकच दुखणे आपल्याला का नसावे, याचे त्याला जरा वाईटही वाटते! अननसाचा डबा आणतात आणि डबा उघडण्याचे हत्यार घरी राहते. मग चाकू, कात्री, धोंडा, शेवटी नावेची डोलकाठी. डब्याला जगातले सर्व आकार येतात, पण तो काही उघडत नाही. तीन सुशिक्षित पुरुष एका पत्र्याच्या डब्याशी वैर धरून बसतात, आणि तो डबा जणू त्यांच्याकडे पाहून दात काढतो. ही हार आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. दिवाळीच्या दिवसांत ज्याने आकाशकंदील टांगण्याची जबाबदारी अंगावर घेतली आहे, त्याला मी अधिक काय सांगू?

या साऱ्याहून मला मोठा वाटतो तो वाफेच्या लाँचचा प्रसंग, कारण त्यात विनोदकाराचा प्रामाणिकपणा कसाला लागतो. तेराव्या प्रकरणात 'जे' या लाँचांवर तोंड टाकतो. शिट्ट्या मारीत उर्मटपणे येतात, लहान नावांना बाजूला व्हावयास लावतात! त्यांच्या वाटेत मुद्दाम आडवे राहून त्यांना सतावण्यात हे तिघे धन्यता मानतात. वाचक म्हणतो, बरोबर आहे, गरिबाने असेच केले पाहिजे. आणि तीन प्रकरणे पुढे गेल्यावर ओळखीच्या एका माणसाची लाँच यांची नाव दोर बांधून ओढून नेऊ लागते. झाले! आता 'जे'ला वाटेतल्या लहान नावांचा संताप येतो. काय ही माणसे, मध्येच तडमडतात, मोठ्या बोटीला वाट द्यावी एवढेही यांना कळू नये! हे तो अगदी त्याच गंभीर सुरात सांगतो, आणि मध्ये एका अक्षराचाही खुलासा करीत नाही. दहा पानी निबंधात जे मानवी स्वभावाबद्दल सांगता येणार नाही, ते त्याने दोराच्या एका गाठीत सांगितले आहे. माणसाचे मत बदलावयाला युक्तिवाद लागत नाही. नुसती जागा बदलली तरी पुरते. आणि ही फजिती तो दुसऱ्या कोणाच्या माथी मारीत नाही. जेरोमच्या विनोदात फटका खाण्याच्या जागेवर बहुतेक वेळा तो स्वतः उभा असतो. म्हणून तो बोचरा असूनही विषारी होत नाही.

आता त्या 'गंभीर' उताऱ्यांकडे वळतो, ज्यांना समीक्षकांनी ठिगळे म्हटले आणि चाहत्यांनी पाने उलटून टाळले. किंग्स्टनचे जुने राजे, रनिमीडच्या कुरणावर १२१५ साली जॉन राजाने सनदेवर केलेली मान्यता, रात्रीचे आकाश, सूर्यास्ताचे रंग. यांतले सगळेच उतरले आहे असे मी म्हणणार नाही. पहिल्या रात्रीच्या वर्णनानंतर दुःखाच्या रानात वाट चुकलेल्या सरदाराचे जे रूपक येते, ते साखरेत घोळलेले आहे. संपादकाची कात्री तिथे चालली असती तर पुस्तकाचे काही बिघडले नसते. पण ठिगळ आणि वीण यांत फरक आहे. एक मासला देतो. नावेला शीड लावले आहे, वारा अनुकूल आहे, पश्चिमेकडे रंग पेटले आहेत, आणि 'जे'ची लेखणी उंच उंच चालली आहे. आपण कोणी जुन्या दंतकथेतले वीर आहोत आणि गूढ सरोवरावरून मावळतीच्या राज्यात निघालो आहोत, असे त्याला वाटते. आणि धाड्दिशी नाव आदळते ती मासे धरीत शांत बसलेल्या तीन म्हाताऱ्यांच्या होडीवर! म्हातारे एकमेकांच्या अंगावर कोसळतात आणि मग ज्या शिव्या सुरू होतात, त्यांना दंतकथेत जागा नाही. इथे तो काव्यमय उतारा काढून टाका. नुसती टक्कर उरेल. टक्कर काढून टाका; नुसते शाळकरी वर्णन उरेल. हवे आहेत ते दोन्ही. कारकुनाला सूर्यास्त खरोखरच दिसलेला आहे. तो पाहण्याचा त्याला सराव नाही, एवढेच. सुंदर भाषा त्याने उसनी आणली आहे, पण ज्या आनंदासाठी आणली तो उसना नाही.

हे मान्य केले की मग सोळावे प्रकरण वाचावे. या पुस्तकावरचे माझे सारे म्हणणे त्या एका प्रकरणाशी येऊन थांबते. वर सांगितलेली लाँच याच प्रकरणात यांची नाव ओढते. गोरिंगच्या खाली ती दोर सोडते, आणि लगेच तिघांत जुनेच भांडण जुंपते: आता वल्ही मारण्याची पाळी कोणाची? 'जे' म्हणतो, माझी मुळीच नाही. ठरल्याप्रमाणे मी नाव अमुक ठिकाणापर्यंत आणायची होती, आणि आपण तर तिथून कितीतरी पुढे आलो आहोत. ती पुढे आणली लाँचने, याचा त्याला सोयीस्कर विसर पडलेला. वाचकाच्या ओठांवर हसू आहे. अखेर 'जे' कुरकुरत वल्ही हाती घेतो. एखादे मिनिट जाते न जाते तोच जॉर्जला पाण्यावर काहीतरी काळे तरंगताना दिसते. तो वाकून पाहतो आणि ओरडून मागे सरतो. ते एका बाईचे प्रेत असते.

तिची हकीकत त्यांना मागाहून कळते. कोणावर तरी विश्वास ठेवून फसलेली बाई. घरच्यांनी दार लावलेले. पदरी मूल. दिवसाचे बारा तास राबून आठवड्याला बारा शिलिंग मिळत. त्यांतले सहा मुलाला सांभाळणाऱ्यांना द्यावयाचे आणि उरलेल्या सहांत आपला जीव जगवायचा. एके दिवशी ते जमेनासे झाले. तिने मुलाला शेवटचे पाहिले, त्याला एका पेनीची चॉकोलेटची डबी दिली, आणि शेवटच्या शिलिंगांचे गाडीचे तिकीट काढून ती गोरिंगला आली. गोरिंगशी तिच्या काही आठवणी जोडलेल्या होत्या. दिवसभर ती नदीकाठच्या झाडीत हिंडली, आणि अंधार पडल्यावर नदीने तिला घेतले.

हा उतारा इथे बसत नाही, असे पुष्कळांनी म्हटले आहे. विनोदी पुस्तकात प्रेत कशाला? मी म्हणतो, तो फक्त इथेच बसतो. तिनेही गाडीचे तिकीट काढलेले आहे, हे विसरू नका. ज्या रेल्वेने हे तिघे सुटीला आले, त्याच रेल्वेने तीही आली. पाचव्या प्रकरणात वॉटर्लू स्टेशनवर किंग्स्टनची गाडी कुठून सुटते ते कोणालाच सांगता येत नाही, तेव्हा 'जे' आणि हॅरिस एका इंजिनड्रायव्हरच्या हातात अर्धा क्राउन ठेवून त्याची गाडी किंग्स्टनला वळवून नेतात. रेल्वेत कारकुनी केलेल्या माणसाने रेल्वेची काढलेली ही कुरापत वाचून आपण मनमुराद हसलेलो असतो. अर्धा क्राउन म्हणजे अडीच शिलिंग. त्या बाईच्या हिशेबाने जवळजवळ तीन दिवसांचे पोट. जेरोम हा हिशेब मांडून दाखवीत नाही. तो फक्त दोन्ही तिकिटे एकाच नदीवर आणून ठेवतो. त्या तिघांना पंधरा दिवस मिळाले आहेत. तिला एकच मिळाला, आणि तो तिने विकत घेतला. वल्ही कोणी मारायची यावर भांडता येणे हे केवढे मोठे सुख आहे, ते या प्रेतावाचून कळले नसते. त्यानंतर जेरोम काय करतो? पुढच्याच परिच्छेदात तो नेहमीच्या वाटाड्याच्या सुरात सांगू लागतो की, गोरिंग आणि स्ट्रीटली ही दोन्ही गावे राहायला फार चांगली आहेत. हे वाचून काहींना धक्का बसतो; हा निर्दयपणा वाटतो. मला वाटते, नदी अशीच असते. ती थांबत नाही, आणि त्या तिघांची सुटीही थांबणार नाही. दुःखावर व्याख्यान न देता पुढे जाणे, हा इथे संकोच आहे; कोडगेपणा नव्हे.

या पुस्तकात एक दोष आहे, आणि तो मी झाकणार नाही. एरवी यातल्या बायका केवळ हसण्यासाठी आहेत. पाण्याचा थेंब उडाला की पोशाखाची चिंता करणाऱ्या, दोराने नाव ओढताना गोंधळ घालणाऱ्या, अशा. पुरुषांच्या वेडेपणावर जेरोम आतून हसतो; बायकांच्या वेडेपणावर तो काठावर उभा राहून हसतो. मधुचंद्राच्या नावेत बायको होती, तिला खाली उतरवून हे पुस्तक निघाले, त्याची ही भरपाई म्हणावी की काय कोण जाणे. पण साऱ्या पुस्तकात एकच बाई खरी होऊन पाण्यात उतरते, आणि ती बुडून. आज हे वाचताना मन खात राहते.

आपल्या मराठीत तीन मित्रांचे विनोदी त्रिकूट नवे नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या आहेतच. पण कोल्हटकरांचे तिघे कामगिरीवर निघालेले आहेत. रूढीचे एकेक गळू शोधून त्यावर विनोदाची सुरी चालवायची, हे त्यांचे व्रत. जेरोमच्या तिघांना असले कोणतेही व्रत नाही. त्यांना किटलीतले पाणी उकळले तरी पुष्कळ. त्या दृष्टीने त्यांचा खरा शेजारी चिं. वि. जोशी यांचा चिमणराव. तोही कारकून, तोही आपल्या शहाणपणाविषयी निःशंक, आणि त्याचीही फजिती त्याच्याच तोंडून ऐकावयाची. मात्र चिमणरावाभोवती बायको, मुले, आई, गुंड्याभाऊ असे अवघे घर असते. त्याच्या विनोदाला घराची ऊब आहे. जेरोमचे तिघे घर सोडून निघाले आहेत, आणि त्यांच्या विनोदाला उघड्यावरचा थोडा गारठा आहे. दोन्ही चवी वेगळ्या. ज्याने त्याने घेऊन पाहाव्यात.

शेवटाविषयी लिहावयाचे राहिले. ऑक्सफर्डहून परतताना पाऊस लागतो. सबंध दिवस पाऊस. कॅनव्हासखाली ओल, थंड जेवण, पत्ते, आणि कोणाच्या तरी संधिवाताच्या कहाण्या. आपण कशालाही भीत नाही, पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस, नावेत आलो तसे नावेतच परत जाऊ, मग जीव गेला तरी बेहत्तर, अशी शपथ तिघे घेतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पँगबोर्नला एक गाडी असल्याचे कोणीतरी सहज बोलून जाते. थोड्याच वेळात तीन इसम आणि एक कुत्रा, इकडेतिकडे पाहत, चोरपावलांनी स्टेशनाकडे निघालेले दिसतात. नाव सांभाळणाऱ्याला ते सकाळी नऊ वाजता ती तयार ठेवावयास सांगून येतात, हे वर आणखी! रात्री लंडनच्या उपाहारगृहात गरम जेवण पुढे येते. बाहेर पाऊस पडतच असतो. हॅरिस पडदा सारून रस्ता पाहतो, आणि आपण नावेतून सुखरूप सुटलो म्हणून पेला उंचावतो. खिडकीपाशी उभा राहून कुत्राही भुंकून रुकार देतो.

या पळून जाण्याला काही लोक विनोदाचा शेवटचा फटाका समजतात. मला त्यात याहून अधिक दिसते. त्या तिघांनी एकमेकांना शपथ मोडू दिली, आणि मोडताना कोणी कोणाचे तोंड पाहिले नाही. पंधरा दिवस ज्यांनी लोणी, दोर आणि वल्ही यांवरून एकमेकांचे उणे काढण्यात कसूर केली नाही, त्यांनी त्या संध्याकाळी मात्र एकमेकांचे उणे पाहिलेच नाही. मैत्री म्हणतात ती याहून फार वेगळी असते असे मला वाटत नाही. तिघांचे पुढे काय झाले, हेही थोडे ठाऊक आहे. जॉर्ज बँकेत वर चढत मॅनेजर झाला. हॅरिस, म्हणजे हेन्शेल, मूळचा पोलंडचा. १९१४ च्या युद्धात तो जर्मन असल्याची आवई उठविली गेली आणि त्याचा धंदा त्यात बसला, असे जेरोमने दुःखाने लिहिले आहे. आणि आळशी माणसाचे विचार लिहून नाव मिळविलेला जेरोम सत्तावन्नाव्या वर्षी फ्रेंच सैन्याच्या जखमींची मोटार हाकावयास आघाडीवर गेला. १९२७ साली तो वारला. हे ठाऊक झाल्यावर पुस्तक पुन्हा उघडले, तर ते तिघे नावेत तसेच बसलेले असतात, तरुण, भिजलेले आणि भांडणारे. आणि पावसाला अजून अवकाश असतो.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत, फराळ झाल्यावर आणि मुले फटाके उडवून दमल्यावर, हे पुस्तक घरात मोठ्याने वाचावे, अशी माझी शिफारस आहे. अंकल पॉजरपाशी थांबू नये. इतिहास आला म्हणून पाने गाळू नयेत. सोळाव्या प्रकरणाशी कोणी गप्प झाले, तर त्याला गप्प राहू द्यावे. आणि मग सतरावे प्रकरण सुरू करावे. त्यात काचेच्या पेटीतल्या एका भल्यामोठ्या माशाची गोष्ट आहे, आणि तो मासा कोणी धरला याविषयी गावात भेटणारा प्रत्येकजण वेगळे सांगतो. गप्प झालेला माणूस तिथे पुन्हा हसेल.